उतरली तरच फोटो

मैदानी खेळांचे फोटो काढण्यात माझी बारा वर्षं गेली. तिथे फोटोग्राफरची जागा ठरलेली असते. सीमारेषेबाहेर बसायचं, लांब पल्ल्याची लेन्स लावायची आणि सेकंदाला १० फ्रेम या वेगाने कॅमेरा चालवायचा. एका मासिकाने स्केटबोर्डिंगच्या पार्कचं काम दिलं तेव्हा मी तीच बॅग उचलून गेले. पहिल्या तासात शेकडो फोटो काढले, त्यातला एकही दाखवण्याजोगा नव्हता.

फोकस चोख होता, उजेडही बरा होता. पण पायऱ्यांवरून झेप घेणारा मुलगा लांब लेन्समधून नुसता हवेत टांगल्यासारखा दिसत होता. कडेला बसून चाकांतली बेअरिंग्ज पुसत असलेल्या एका जुन्या स्केटरने माझ्या स्क्रीनवर डोकावून पाहिलं. "पायऱ्या कुठायत? पायऱ्याच दिसत नसतील तर त्याने केलं काय?" मग बोटाने हवेत रेघ ओढत म्हणाला, "कुठून उडाला आणि कुठे उतरणार, दोन्ही एका फोटोत पाहिजे."

मी फिशआय, म्हणजे अगदी जवळून खूप रुंद दृश्य पकडणारी लेन्स लावली आणि पायऱ्यांच्या खालच्या टोकाला, उतरण्याच्या जागेच्या बाजूला पोटावर आडवी झाले. ही लेन्स उंची जरा वाढवूनच दाखवते, हे स्केटर मंडळींना पक्कं ठाऊक असतं आणि ते त्यांना चालतंही. खालून पाहताना मला पहिल्यांदा त्या खेळाचा आवाज नीट ऐकू आला. काँक्रीटवरून येणाऱ्या चाकांची घरघर, बोर्डाची शेपटी, म्हणजे मागचं टोक, आपटल्याचा टणका, मग क्षणभर काहीच नाही, आणि धाडकन उतरणं. फोटो त्या शांततेत असतो.

ही शांतता अर्ध्या सेकंदाच्या आसपासची. सेकंदाला १० फ्रेम म्हणजे तेवढ्यात जेमतेम पाच, आणि नेमका हवा तो क्षण बहुतेक वेळा दोन फ्रेमच्या मध्ये निसटतो. शिवाय ऊन कलल्यावर मी दोन फ्लॅश उभे केले होते, ते काही सलग फ्रेमच्या वेगाने भरत नाहीत. म्हणून सवय मोडली. फोकस हाताने ठरावीक जागेवर बांधून ठेवला, शटर १/२५० वर आणि बोट एकाच फ्रेमसाठी तयार. फ्लॅश पूर्ण ताकदीवर ठेवले नाहीत. ताकद कमी केली की चमक आखूड होते, आणि फिरत्या बोर्डाच्या कडा ती आखूड चमकच गोठवते. आधी सगळ्यांना विचारून घेतलं की डोळ्यांवर उजेड येतो का. एकाने येतो म्हटल्यावर डावा फ्लॅश मागे सरकवला. उडी घेताना क्षणभर डोळे दिपले तर काय होईल, याचा विचार दुसऱ्या कुठल्या खेळात मला करावा लागला नव्हता.

संध्याकाळी ती आली. पंधरा-सोळा वर्षांची, निळं हेल्मेट, उजव्या बुटाच्या बाहेरच्या कडेला भोक पडेपर्यंत झीज. ते भोक किकफ्लिपचं. ऑलीसारखी, म्हणजे शेपटी आपटून बोर्डासकट, उडी घेताना पुढचा पाय बोर्डाच्या कडेवरून झटक्यात बाहेर सरकवला की बोर्ड स्वतःच्या लांबीच्या अक्षाभोवती एक पूर्ण गिरकी घेतो, आणि खरखरीत ग्रिप टेप प्रत्येक वेळी बुटाचं थोडं कापड खाते. ही ट्रिक रॉडनी म्युलनने १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला बसवली, हे तिनेच मला सांगितलं. तिने स्केटिंग सुरू केलं ते टोकियो ऑलिंपिक बघून. २०२१ मध्ये तिथे महिलांच्या स्ट्रीट प्रकारात मोमिजी निशियाने १३ व्या वर्षी सुवर्ण जिंकलं होतं.

तिला चार पायऱ्यांवरून किकफ्लिप करायची होती. आधी कधी जमली नव्हती.

सहाव्या-सातव्या प्रयत्नाला चूक माझी झाली. फ्रेममध्ये आकाश जास्त यावं म्हणून मी कोपरांवर हातभर पुढे सरकले, तिला न सांगता. ती हवेत होती आणि तिला तिच्या उतरण्याच्या रेषेत माझं डोकं दिसलं. तिने बोर्ड लाथेने बाजूला उडवला आणि स्वतः कोपरावर घसरत गेली. बोर्ड माझ्या लेन्सजवळून गेला. कोपर बरंच सोललं होतं. मी माफी मागितली, पाण्याने जखम धुवायला मदत केली आणि थांबू या म्हटलं. ती म्हणाली, "ताई, तुम्ही फक्त हलू नका. तुम्ही कुठे आहात ते मला उडायच्या आधी माहीत पाहिजे." त्यानंतर मी खडूने जमिनीवर रेघ ओढली आणि त्या रेघेपुढे गेले नाही.

त्या पडण्याच्या आधीच्याच क्षणाचा फोटो मात्र विलक्षण आला होता. बोर्ड पूर्ण उलटा, चारही चाकं आकाशाकडे, हात पसरलेले, चेहऱ्यावर दोन्ही बाजूंनी उजेड. मी तिला दाखवला. तिने तो बराच वेळ पाहिला आणि कॅमेरा परत दिला. "हा नका टाकू. मी उतरले नाही."

बेअरिंगवाल्याने मान हलवली. त्यांच्यात हा नियमच आहे, जी ट्रिक उतरली नाही तिचा फोटो छापायचा नाही.

विसाव्या प्रयत्नाच्या पुढे मी मोजणं सोडलं. उजेड जवळजवळ गेला होता. एका प्रयत्नात शेपटीचा टणका नेहमीपेक्षा कोरडा वाजला, मी शटर दाबलं, आणि मग जो आवाज आला तो पडण्याचा नव्हता. चारही चाकं एकदम टेकली. ती वाकली, डगमगली, सावरली आणि सरळ निघून गेली. क्षणभराने चहूबाजूंनी बोर्ड जमिनीवर आपटल्याचा खडखडाट सुरू झाला. टाळ्यांऐवजी ते हेच करतात. पोटावर पडल्या पडल्या माझे डोळे भरून आले होते.

फोटो पाहिला. डावा फ्लॅश वेळेत भरला नव्हता, त्यामुळे अर्धा चेहरा अंधारात. केसांची बट तोंडावर. बोर्ड पाऊण गिरकीवर, आधीच्या फोटोइतका उंचही नाही. रात्री मासिकाकडे हाच पाठवला. संपादकांनी इतर फोटोही मागवले आणि तो पडण्याआधीचा बघून फोन केला, की वाचकाला काय कळणार आहे, हाच छापू. मी म्हटलं, त्या फोटोत जे दिसतंय ते घडलेलं नाही. तो छापायचा असेल तर खाली ती पडली असं लिहा. बराच वेळ बोलणं झालं. शेवटी अंधारातल्या चेहऱ्याचाच छापला.

अंक घेऊन मी पार्कात गेले. तिने पान उघडलं, चेहऱ्याकडे पाहिलंही नाही. कागद डोळ्यांजवळ नेऊन बोर्डावर बोट ठेवलं, मग बुटाच्या त्या भोकावर. "उतरताना पाय कुठे होते माझे? तो आहे का फोटो?" चाकं बोर्डाला जोडणाऱ्या बोल्टांवर पाय पडले की ते उतरणं चोख मानतात.

होता. टणक्यानंतर हातातलं बोट आपोआप आणखी एकदा दाबलं गेलं होतं, फ्लॅशशिवाय, काळपट, हललेला. मोबाइलवर काढून दिला. तिने बोटांनी मोठा केला, आणखी मोठा केला, इतका की नुसते ठिपके उरले.

"बोल्टवर," ती म्हणाली. "दोन्ही पाय बोल्टवर."