जुना झांगिफ, आठवडा अकरावा

रविवारी लातूरच्या मावसभावाशी ‘सुपर स्ट्रीट फायटर टू टर्बो’ या मारामारीच्या व्हिडिओ गेमचा, आधी दहा सामने जिंकेल तो सरस, असा सेट झाला. त्याचं पात्र केन, माझं पैलवान झांगिफ, तोही जुना. १०-७ असा हरलो. पहिल्या आठवड्यात हाच सेट १०-० गेला होता, म्हणून आजची नोंद जरा सविस्तर.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी आधी थोडं. ही गेम १९९४ साली आली. त्यात पात्र निवडताना स्टिक एका ठरावीक क्रमाने हलवली की त्याच पात्राची ‘जुनी’ आवृत्ती मिळते. जुन्याला सुपर, म्हणजे पट्टी भरल्यावर मिळणारा मोठा वार, नाही. समोरच्याने थ्रो केला, म्हणजे पकडून फेकलं, तर तो सोडवून पायावर उतरता येत नाही, मार पुरा बसतो. आता सगळेच जुने दुबळे आहेत असं नाही. सगट नावाच्या पात्राचा जुना अवतार तर इतका भारी आहे की जपानमध्ये खेळाडू आपसांतल्या समजुतीने त्याला हात लावत नाहीत. झांगिफचं मात्र उलटं आहे. नव्याला या गेममध्ये हिरवा हात मिळाला, म्हणजे हिरव्या चमकत्या हाताचा फटका. समोरच्याने लांबून फेकलेला फायरबॉल (ऊर्जेचा गोळा) आला की हिरवा हात मारायचा, फायरबॉल विझतो आणि झांगिफ पुढे सरकतो. पकडून आपटल्यावर झांगिफ उडून लांब पडतो, तेव्हाही नवा हिरव्या हाताने लगेच अंगाशी येतो आणि पुन्हा पकडीला तयार. जुन्याकडे यातलं काहीच नाही. त्याला चालत यावं लागतं.

भाऊ पहिल्याच दिवशी म्हणाला होता, “दादा, नवा घे की सरळ. लई त्रास आहे ह्याच्यात.” त्रास आहे, खरंय. पण मी चार वर्षं नवा खेळलो आणि त्या चार वर्षांत समोरच्याच्या हाताकडे कधी पाहिलंच नाही. फायरबॉल दिसला की हिरवा हात, एवढंच बोटांना पाठ झालं होतं. माळेगावच्या यात्रेतल्या कुस्त्या मी लहानपणापासून बघत आलोय. तिथे चांगला पैलवान आल्या आल्या डाव टाकत नाही. आधी खडाखडी होते. मनगट धरून बघतो, मानेवर हात टाकून बघतो, समोरचा कुठल्या पायावर जोर देतो ते बघतो. माझ्या झांगिफला खडाखडी येतच नव्हती. हिरवा हात काढून घेतल्याशिवाय ती मी शिकलो नसतो, म्हणून जुना घेतला.

आता मुद्द्याचं. केनने लांबून फायरबॉल टाकला तर जुन्याकडे चार उत्तरं आहेत. जागेवर सरळ उडी मारली तर मार वाचतो, पण जमीन मिळत नाही. पुढे उडी मारली तर शोर्युकेन, म्हणजे केनचा वर उसळत मारलेला ठोसा, वाट बघत असतो. तिन्ही पंच दाबून लारिएट केला, म्हणजे हात पसरून गरगर फिरलो, तर वेळ अचूक असल्यास फायरबॉल अंगातून निघून जातो, पण पाय उघडे राहतात आणि हुशार केन फायरबॉलच्या मागोमाग चालत येऊन स्वीप (पाय झाडणारी किक) मारतो. चौथं उत्तर म्हणजे चालायचं, ब्लॉक करायचं, पुन्हा चालायचं. ब्लॉकवरही थोडी लाइफ जाते आणि धक्क्याने मागे सरकतो. पहिले पाच आठवडे मी हे चौथं उत्तर टाळत होतो, कारण लाइफ जाताना बघवत नव्हतं.

सहाव्या आठवड्यापासून रीप्ले बघत वहीत मोजायला लागलो. दर राउंडला किती फायरबॉल ब्लॉक केले, त्यात किती लाइफ गेली आणि केनपर्यंत पोचलो का. पाच-सहा ब्लॉक करून जे गेलं, ते एका एसपीडीत (स्पिनिंग पाइलड्रायव्हर, झांगिफचा पकडून आपटण्याचा मुख्य डाव) भरून निघत होतं. मी हरत होतो ते शेवटच्या टप्प्यात, घाईने मारलेल्या उड्यांमुळे. वही नसती तर हे कळलंच नसतं.

शेवटचा टप्पा म्हणजे झांगिफच्या बसून मारलेल्या लांब किकचं टोक केनच्या पायाला जिथे लागतं, ते अंतर. आता माझी सगळी मेहनत तिथेच चालली आहे. तिथे आल्यावर केनला फायरबॉल महाग पडतो, कारण त्याचे हात पुढे असतानाच माझी किक पोचते. भाऊ त्या अंतरावर आला की अर्धं पाऊल मागे जातो आणि मग टाकतो. ते अर्धं पाऊल मला नवव्या आठवड्यात पहिल्यांदा दिसलं. तो मागे सरकला की मी पुढे सरकतो, किक मारत नाही. दोन-तीनदा असं झालं की त्याची पाठ कोपऱ्याला लागते.

हाताचंही सांगतो. एसपीडीसाठी स्टिक पूर्ण गोल, म्हणजे ३६०, फिरवावी लागते. उभ्याने ती फिरवताना माझा झांगिफ उडी मारायचा, म्हणून आधी स्टिकलाच दोष देत होतो. एका मित्राने मोबाइलवर माझ्या मनगटाचा व्हिडिओ काढला तेव्हा दिसलं की मी खालच्या कोपऱ्यात क्षणभर थांबतोय. चौकोनी गेटच्या (स्टिक ज्या चौकटीत फिरते तिच्या) कोपऱ्यात स्टिक ठेचली जाते आणि वर पोचायला उशीर होतो. आता मुठीत न धरता स्टिकचा गोळा तीन बोटांत सैल धरतो आणि बसून मारलेली हलकी किक चालू असतानाच फिरवायला लागतो. किक ब्लॉक झाली की क्षणभर थांबावं लागतं, कारण समोरचा ब्लॉकच्या झटक्यात असेपर्यंत पकड लागत नाही. तो क्षण कानाने पकडतो. ब्लॉकचा आवाज, एक श्वास, बटण. रोज रात्री जेवणानंतर दोन्ही बाजूंनी पन्नास-पन्नास. उजवीकडून पन्नासात चाळीसच्या वर निघतात, डावीकडून तीसच्या आसपास अडकलोय.

रविवारचा सोळावा सामना लिहून ठेवण्यासारखा झाला. तिसरा राउंड, माझी लाइफ बोटभर, त्याची निम्मी. एसपीडी लागली, तो पडला, मी लांब. नवा असता तर हिरवा हात मारला असता. मी चालत गेलो आणि तो उठताना उडी मारली, पण हवेत बटणच दाबलं नाही. स्प्लॅश (हवेतून अंगावर पडायचा वार) येणार म्हणून त्याने ब्लॉक धरला होता. उतरलो आणि पकडला. त्याने फोन केला आणि पहिलं वाक्य हेच, “बटण दाबलंच नाहीस!”

आम्ही फाइटकेडवर, म्हणजे जुन्या गेम ऑनलाइन खेळायच्या मंचावर, खेळतो. नांदेड-लातूर जोडणी चांगली चालते, फक्त लाइट गेली की राउटर इन्व्हर्टरवर यायला वेळ लागतो. दोन सामने तसेच अर्धवट राहिले, ते मोजलेले नाहीत.

पुढचे तीन आठवडे डाव्या बाजूचं ३६० आणि गाईल हे पात्र. गाईलविरुद्ध अजून एकही सामना जिंकलेला नाही. सॉनिक बूम (त्याचा फायरबॉल) टाकून तो इतक्या लवकर मोकळा होतो की केनसाठी सापडलेलं अंतर तिथे लागू पडत नाही. ज्यांनी जुन्या झांगिफने गाईलला कोपऱ्यात नेलंय, त्यांनी एवढं सांगा की पहिला बूम तुम्ही ब्लॉक करता की त्यावर सरळ उडी घेता?