तुम्ही विचारलंत म्हणून : यॉर्कला खासगी गाइड घ्यावा का?

दर वर्षी एप्रिल-मे आला की पुण्या-साताऱ्याकडचे फोन वाढतात. लंडन आणि स्कॉटलंड यांच्या मध्ये एक दिवस यॉर्कसाठी राखलेला असतो, तिथून रेल्वेने जेमतेम अर्ध्या तासावर असलेल्या लीड्समध्ये मी चौदा वर्षे राहते हे सगळ्यांना ठाऊक असते, आणि प्रश्नही ठरलेला असतो : ‘तिथे फक्त आपल्यापुरता गाइड घेऊन पायी शहर बघता येते म्हणे; पण त्यासाठी एवढे पौंड मोजावेत का? माहिती काय, मोबाइलवरही मिळते.’ आजवर मी ‘बघा बुवा, तुमच्या सोयीने’ असे गुळमुळीत उत्तर देत आले. गेल्या महिन्यात एका मावसभावाने तोच प्रश्न तिसऱ्यांदा विचारला, तेव्हा एकदा नीट लिहूनच काढावे असे ठरवले.

आधी कमी खर्चाचे उत्तर. यॉर्कमध्ये १९५१ पासून स्वयंसेवी गाइडांची एक संघटना काम करते. ही माणसे रीतसर प्रशिक्षण घेतलेली असतात, आर्ट गॅलरीसमोरच्या एक्झिबिशन स्क्वेअरपासून सुमारे दोन तास गावभर फिरवून आणतात आणि त्याचे काही घेत नाहीत, टिपसुद्धा नाही. ज्याला इंग्रजी नीट कळते, दोन तास न बसता चालवते आणि जो यॉर्कला पहिल्यांदाच येतो आहे, त्याने खासगी गाइडच्या फंदात पडूच नये, असे माझे स्पष्ट मत आहे. पैसे भरून मोठ्या घोळक्यातून छत्रीच्या टोकामागे धावण्याचा तिसरा प्रकार मी एकदाच केला. त्यात भुतांच्या गोष्टी पुष्कळ होत्या, आणि मी शेवटच्या रांगेत असल्यामुळे मला भुतेही अर्धीच ऐकू आली.

खासगी गाइड आम्ही घेतला तो तीन वर्षांपूर्वी, सासू-सासरे आले होते तेव्हा. बाबा पाटबंधारे खात्यातून उपअभियंता म्हणून निवृत्त झालेले. कोणतीही जुनी वास्तू दिसली की तिचे पाणी कुठून जाते हे ते आधी बघतात. आईंचे गुडघे दुखतात आणि इंग्रजी त्यांना तुटक समजते. नोंदणी करताना मी ईमेलमध्ये या दोन्ही गोष्टी लिहिल्या होत्या. ठरल्या वेळी म्युझियम गार्डन्सच्या फाटकाशी साठीच्या आसपासच्या एक बाई उभ्या होत्या. त्यांच्या कोटावर निळा बिल्ला होता. ब्लू बॅज म्हणतात तो, आणि तो अभ्यासक्रम पुरा करून परीक्षा दिल्याशिवाय मिळत नाही. नमस्कार झाल्यावर त्यांचे पहिलेच वाक्य होते, ‘आज आपण तटावर चढणार नाही.’ यॉर्कचा तट जवळजवळ ३.४ किलोमीटर उरलेला आहे आणि बूथम बार ते मंक बार या दोन वेशींमधला, मिन्स्टरच्या (म्हणजे तिथल्या कॅथेड्रलच्या, मुख्य चर्चच्या) मागून जाणारा त्याचा टप्पा सर्वांत देखणा आहे. पण दोन्हीकडचे जिने उभे आणि अरुंद आहेत. तो टप्पा वगळून त्या आम्हाला बागेतल्या बहुकोनी बुरुजापाशी घेऊन गेल्या, जिथे तट जमिनीवर उभे राहूनच वाचता येतो.

‘वाचता येतो’ असे मी मुद्दाम म्हणते. तिथे त्यांनी माहिती सांगितलीच नाही. बाबांना विचारले, ‘तुम्ही अभियंते आहात ना? मग यातले रोमन कुठे संपते ते दाखवा.’ बाबा पाच मिनिटे भिंतीकडे बघत राहिले. खालचे दगड लहान आणि एकसारख्या घडणीचे, मधून लाल विटांचा एक पट्टा गेलेला. वरचे दगड मोठे आणि वेगळ्या हाताचे. त्यांनी बोट ठेवले ते बरोबर होते. इ.स. ७१ मध्ये रोमन सैन्याने इथे एबोराकम नावाचा तळ वसवला, आणि मध्ययुगातल्या लोकांनी त्याच्याच कोपऱ्यावरच्या बुरुजावर आपली भिंत चढवली. ही माहिती तिथल्या पाटीवरही वाचायला मिळाली असती. सांधा स्वतः शोधण्याचा आनंद पाटी देत नाही, आणि चाळीस जणांच्या घोळक्यात एका म्हाताऱ्यासाठी कोणी पाच मिनिटे थांबतही नाही.

मिन्स्टरमध्ये साधारणपणे लोक वर बघत फिरतात, आणि बघावेच असे वर आहे. पूर्वेकडची प्रचंड खिडकी कॉव्हेंट्रीच्या जॉन थॉर्नटनने १४०५ ते १४०८ या तीन वर्षांत रंगीत काचांनी भरली. आम्ही मात्र लवकरच तळघरात उतरलो. मधला मनोरा खचत चालला आहे असे १९६७ मध्ये लक्षात आले आणि पुढची पाच वर्षे त्याच्या पायाभोवती काँक्रीटचे वेढे घालून, पोलादी गजांनी ते आवळून तो वाचवण्यात आला. ते खणताना खाली रोमन तळाचे मुख्य कचेरीघर सापडले. बाबांनी तिथे किती प्रश्न विचारले ते मी मोजले नाहीत. मग गाइड बाईंनी त्यांना एका कोपऱ्यात नेऊन रोमन काळातली पाण्याची मोरी दाखवली, जी अजूनही पाणी वाहून नेते. बाबा वाकून बघत बसले. वर रस्त्यावर आल्यावर मिन्स्टरच्या दारापाशी कॉन्स्टंटाइन सम्राटाचा पुतळा दिसला. ३०६ साली त्याला सम्राट म्हणून याच गावात पुकारले होते. बाबांनी त्याच्याकडे ओझरते पाहिले आणि मोरीबद्दलच बोलत राहिले.

आता भाषेबद्दल. खासगी गाइडचा मला वाटणारा सर्वांत मोठा फायदा कोणत्याच जाहिरातीत नसतो : दर दोन वाक्यांनी त्यांना थांबवून मला आईंना मराठीत सांगता येत होते. ‘यॉर्कमध्ये रस्त्याला गेट म्हणतात, गेटला बार म्हणतात आणि बारला पब म्हणतात’ हा तिथला प्रत्येक गाइड करतो तो विनोद त्यांनीही केला. तो मराठीत आणताना हसू निसटते, पण आतली गोष्ट टिकते. ८६६ मध्ये व्हायकिंग लोकांनी हे गाव घेतले, ९५४ पर्यंत अधूनमधून त्यांची सत्ता राहिली, आणि ‘गेट’ हा त्यांच्याच भाषेतला रस्त्याचा शब्द. आई म्हणाल्या, ‘म्हणजे आपली आळी.’ पुढे कॉपरगेट लागले तेव्हा बाबांनी लगेच भाषांतर करून टाकले : तांबट आळी! मी ते इंग्रजीत सांगताच गाइड बाई म्हणाल्या की नावावरून फसायला होते खरे, पण इथे तांब्याचा संबंध नाही. शब्द लाकडी वाडगे आणि पेले बनवणाऱ्यांवरून आलेला आहे. १९७६ ते १९८१ या काळात याच रस्त्यालगत उत्खनन झाले, तेव्हा ओल्या मातीत लाकूड न कुजता राहिले होते, आणि त्यात लेथवर वाडगा कातल्यावर मधून निघणारे लाकडाचे गाभे सापडले. बाबा क्षणभर थांबले आणि म्हणाले, ‘मग कातारी आळी म्हणा.’ गाइड बाईंनी तो शब्द दोनदा म्हणून घेतला.

शांबल्स या खाटिकांच्या जुन्या गल्लीत त्यांनी आणखी एकदा असेच केले. वरचे मजले एकमेकांकडे झुकलेले, खाली मांस मांडायच्या रुंद फळ्या अजून दिसतात, आणि आता दुकाने बहुतेक भेटवस्तूंची. तिथे मार्गारेट क्लिथरोचे देवघर आहे. ती खाटिकाची बायको. कॅथलिक धर्मगुरूंना घरात लपवल्याचा आरोप तिच्यावर होता. तिने न्यायालयात आरोप मान्य वा अमान्य करायलाच नकार दिला, म्हणून २५ मार्च १५८६ रोजी तिला वजनाखाली चिरडून मारले. १९७० मध्ये तिला संतपद मिळाले. आई आत जाऊन हात जोडून बाहेर आल्यावर गाइड बाई हळूच म्हणाल्या की गल्लीतल्या घरांचे क्रमांक मधल्या काळात बदलले आहेत आणि क्लिथरोचे घर बहुधा हे नसून समोरच्या ओळीतले आहे. मी ते आईंना सांगावे की नाही, अशा विचारात पडले. सांगितले. त्या शांतपणे म्हणाल्या, ‘पादुका असतात तिथे महाराज चालले होते का, असं आपण विचारतो का?’ हे वाक्य इंग्रजीत नेताना माझी जी तारांबळ उडाली, ती गाइड बाईंनी पाहिली, पण त्यांना मुद्दा समजला.

शेवटचा थांबा क्लिफर्ड्स टॉवर, टेकाडावरचा जुना बुरूज. याच टेकाडावर १६ मार्च ११९० रोजी यॉर्कच्या यहुदी कुटुंबांनी राजाच्या किल्ल्यात आसरा घेतला होता आणि बाहेर जमावाने वेढा घातला होता. सुमारे १५० माणसे मेली. कित्येकांनी जमावाच्या हाती पडण्यापेक्षा स्वतःच मरण पत्करले, बुरुजाला आग लागली, आणि अभयाच्या वचनावर बाहेर आलेल्यांना मारण्यात आले. आज दिसतो तो दगडी बुरूज १३ व्या शतकातला आहे, तेव्हाचा लाकडी होता. टेकाड मात्र तेच. त्यानंतर जमाव मिन्स्टरमध्ये गेला आणि तिथे ठेवलेली कर्जखते त्याने जाळली, कारण पुढाऱ्यांपैकी काही जण त्या यहुदी सावकारांचे ऋणको होते.

कर्जखते जाळली, हे ऐकताच बाबा म्हणाले, ‘हे तर सुप्याचं झालं.’ पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी १२ मे १८७५ रोजी शेतकऱ्यांनी सावकारांकडची कर्जखते जाळली, ते त्यांनी गाइड बाईंना सविस्तर सांगितले. त्यांनी ऐकून घेतले आणि दोनच प्रश्न विचारले : माणसे मेली का, आणि ऋणको कोण होते? बाबांना कबूल करावे लागले की दख्खनच्या त्या दंग्यांत लोकांचा रोख कागदांवर होता, आणि ऋणको हातातोंडाची गाठ पडणे कठीण असलेले कुणबी होते. ‘इथले ऋणको सरदार होते,’ त्या म्हणाल्या, आणि बाबांची तुलना तिथेच अर्धी गळून पडली. उरलेली अर्धी मात्र टिकली : इथे ११९४ मध्ये राजाने कर्जखतांच्या नकला अधिकृत पेट्यांत ठेवण्याची पद्धत घातली, आणि आपल्याकडे १८७९ च्या कायद्याने शेतकऱ्यांच्या कर्जखतांची नोंदणी आली. दोन्हीकडे सरकारला आधी कागद वाचवावेसे वाटले. टेकाडाच्या पायथ्याच्या बाकावर आई गुडघे चोळत बसल्या होत्या आणि हे दोघे त्यांच्या डोक्यावरून पाऊण तास बोलत होते. ठरलेली वेळ केव्हाच उलटून गेली होती.

आता खर्च. खासगी गाइडचे शुल्क बहुधा डोईवर नसते, पुऱ्या गटाचे असते. म्हणून दोघांना ते जड वाटते आणि सहा जणांना परवडते. आम्ही जे दिले त्यात आम्हा चौघांचे बऱ्या हॉटेलात जेवण झाले असते, आणि त्या दिवशी आम्ही घरून नेलेले पराठे नदीकाठी बसून खाल्ले. नोंदणी करताना चालण्याची अडचण आणि स्वतःची आवड, दोन्ही मोकळेपणी लिहा. ‘सगळं बघायचंय’ असे लिहाल तर विनामूल्य फेरीत मिळते तेच विकत मिळेल. मिन्स्टरचे तिकीट आमच्या शुल्कात धरलेले नव्हते, तेव्हा ते आधी विचारून घ्या. सकाळची वेळ मागा, शनिवार टाळा. ऑगस्टमधल्या एबोर या घोड्यांच्या शर्यतींच्या आठवड्यात तर येऊच नका. तेव्हा शांबल्समध्ये गाइड तर सोडाच, स्वतःची पावलेही दिसत नाहीत.