काळी पाच कोरी राहिली

येळवशीला लातुरात दुकान उघडं ठेवणारे आम्ही मोजकेच. माझं पेटी-दुरुस्तीचं. मार्गशीर्ष अमावास्येला अख्खं शहर शेतात जातं. कडब्याच्या कोपीत पूजा होते, भज्जी, आंबील आणि बाजरीच्या उंड्यांवर पंगती बसतात. एरवी पाय ठेवायला जागा नसलेल्या गंजगोलाईत त्या दिवशी संचारबंदी लागल्यासारखा शुकशुकाट असतो, आणि मला तोच हवा असतो. पेटी सुरात लावायची म्हणजे दोन रीड, म्हणजे आतल्या पितळी जिभा, एकत्र वाजताना उठणाऱ्या लाटा ऐकू यायला हव्यात. ऑटोच्या हॉर्नमध्ये त्या ऐकू येत नाहीत. मोबाइलवर ट्यूनर आहे माझ्याकडे, पण खर्ज आणि नर, म्हणजे खालच्या आणि वरच्या सुराच्या रीड, एकमेकांत मिसळले का, हे शेवटी कानच सांगतो.

दत्तजयंतीचे सप्ताह उरकलेले असतात, त्यामुळे डिसेंबर सरताना भजनी मंडळांच्या पेट्या माझ्याकडे येतात. भात्यात बुक्का, जाळीत उदबत्तीची राख, एखादीत उंदराचं बिऱ्हाड. हे दरवर्षीचंच.

यंदा येळवशीला सकाळीच एक गुरुजी आले. जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले, आता घरी गाण्याचा क्लास घेतात, शिवाय कीर्तनाला पेटीची साथ करतात. एका हातात पेटी, दुसऱ्या हातात डबा, काखेत डायरी.

"शेतात नाही गेलात?"

"पोरं गेलीत. मी म्हटलं, आज मिस्त्री निवांत असतील."

मी पेटीच्या पट्ट्या काढत होतो, तोवर त्यांनी डायरी उघडली. वर्षाअखेरीस ते आभारांची यादी करतात. साल संपायच्या आत प्रत्येकाला फोन करायचा किंवा गाठून सांगायचं, असा त्यांचा नेम. मला तो आवडतो. आमच्या धंद्यात बिदागीचा हिशेब सगळे ठेवतात, हा हिशेब कोण ठेवतो? त्यांनी वाचायला सुरुवात केली. ऐन वेळी धावून आलेला मृदंगी. मध्यरात्रीपर्यंत माइक सांभाळणारा पोरगा. मागच्या महिन्यात गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या प्रवेशिका परीक्षेला बसलेल्या मुली आणि त्यांचे पालक. मग म्हणाले, "मिरजेलाही एक नमस्कार लिहिलाय. तंबोरे तिथले म्हणून नाही. २०१६ च्या दुष्काळात रेल्वेनं पाणी आलं तिथून, ते अजून विसरलो नाही." त्या उन्हाळ्यात घराघरांतली लाकडं तडकली होती, पेट्यांच्या फळ्यांना भेगा पडल्या होत्या. मीही मान डोलावली.

मग म्हणाले, "आता तुम्ही सांगा. पेटी काय म्हणते? वर्षभर मी काय वाजवलं?"

चेष्टेतच विचारलं असावं. पण ते सांगता येतं. मागच्या साली हीच पेटी मी सगळी एका मापात लावून दिली होती. वर्षभरात जी रीड जास्त बोलली, तिचा सूर उतरतो. पितळेची पातळ पट्टी ती, हजारो वेळा वाकते, तिच्यावर धूळ बसते. कीर्तनात भाता जोरात मारला की आणखी थकते. जिला कुणी शिवलं नाही, ती ठेवली तिथेच असते.

मी एकेक पट्टी दाबत गेलो. काळ्या पट्ट्या सप्तकात पाच, डावीकडून मोजायच्या. काळी एक उतरलेली, तिन्ही सप्तकांत. काळी चारही उतरलेली. सरळ आहे, सा काळी एकचा तर पंचम काळी चारवर येणार. गुरुजींचा स्वतःचा सूर काळी एक. आणि काळी पाच? मधल्या सप्तकातली काळी पाच जवळजवळ जशी लावून दिली होती, तशीच होती. धैवत म्हणून येता-जाता लागली असेल, सा म्हणून कुणी धरली नव्हती.

मी विचारलं, "गुरुजी, मुलींना कुठल्या पट्टीत शिकवता?"

ते थांबले. "माझ्याच."

पुरुषाच्या काळी एकला मुलींनी गायचं, म्हणजे सप्तकभर वरून. स्थायीत निभतं, पण अंतऱ्यात तार षड्जाच्या पुढे गेलं की गळा ताणला जातो. काळी पाच घेतली असती तर त्यांना तीन पट्ट्या खालून गाता आलं असतं. आवाज तिथेच मोकळा होतो बहुतेकींचा. हे गुरुजींना माहीत नव्हतं असं नाही. पण काळी एकवर त्यांची बोटं डोळे मिटून चालतात.

त्यांनी डायरीची मागची पानं चाळली आणि एका नावावर बोट ठेवलं. दिवाळीनंतर क्लास सोडून गेलेली मुलगी. "आवाज बसतो म्हणायची. मी लिहिलंय, रियाज कमी."

तिथेच त्यांनी तिच्या वडिलांना फोन लावला. ते शेतात, मागे पोराबाळांचा कालवा. गुरुजींचा आवाज ऐकताच पलीकडून, "राहिलेली फी देतो की सर, जानेवारीत देतो!" गुरुजी दोन-तीनदा म्हणाले की फीचं नाही, पोरीला पाठवा, आता तिच्या सुरात शिकवतो. पलीकडच्यांना काय कळलं कुणास ठाऊक.

दुपारभर मी रीड खरवडत बसलो. टोकाला खरवडली की सूर चढतो, मुळाशी खरवडली की उतरतो. दरवेळी थोडं पितळ जातं आणि ते परत येत नाही, म्हणून रेघ ओढावी इतकंच खरवडायचं. काळी एकची एक रीड, गुजरातेतल्या पालिताण्याची, आता फार पातळ झाली होती, ती बदलली. मधे डबा उघडून दोघांनी भज्जी-भाकरी खाल्ली.

"स्केलचेंजर घेऊ का?" गुरुजींनी विचारलं. म्हणजे बोटं काळी एकवरच आणि सूर पाचचा. मी सांगितलं, घ्या, पण महाग पडते, जड असते, आणि बिघडली की माझ्याकडेच आणाल. खरं तर मला ती पळवाट वाटते, पण गिऱ्हाइकाला असं तोंडावर म्हणता येत नाही.

पेटी जोडून झाल्यावर ते तिथेच बसले आणि काळी पाचचा सा धरून भूप रागाचा आरोह घेतला. आयुष्य पेटीवर गेलेला माणूस, पण गंधारावरच चुकला. त्यांच्याच पट्टीचा हात, चुकीच्या जागी पडला. पुन्हा चुकला. हसला, शर्टाच्या बाह्या सारल्या आणि परत सुरुवात केली. पेटीवर आकाशवाणीनं १९४० पासून तीसेक वर्षं बंदी घातली होती. ते आठवून मी म्हटलं, "तुमचं हे ऐकून परत घालतील." त्यावर ते इतके हसले की भाताच सुटला हातातून.

पैसे देताना म्हणाले, "पुढच्या वर्षी काळी पाच उतरलेली सापडली पाहिजे तुम्हाला."

"उतरली तर तिचे वेगळे पैसे पडतील."

"लावा की मग. यादीत तुमचं नाव वर घेतो."