आमची वाटचाल : ६६ च्या खाली सही नाही

आमची लॅब भट्ट्या-बर्नरमध्ये जाळायचं तेल तपासते, पाटी वणी-वरोरा रस्त्यावर आहे. कोळशाच्या ट्रकांच्या धुळीत ती फक्त पावसाळ्यात वाचता येते. आत पहिल्या दिवसापासूनचा रेडवूड नंबर एक, तेलाची व्हिस्कॉसिटी म्हणजे जाडपणा मोजायचं यंत्र: बाहेर पाण्याचा बाथ, मधे कप, तळाला अकीकाचं भोक. तेल ५० डिग्रीला स्थिरावू द्यायचं, भोकावरची गोळी उचलायची आणि ५० मिली पडेपर्यंत स्टॉपवॉचवरून नजर हलवायची नाही. जाडपणा सेंटिस्टोक या एककात मोजायला नंतर रिव्हर्स फ्लोच्या काचनळ्या घेतल्या, कारण काळ्या तेलात साध्या नळीतली रेघ दिसत नाही. पण त्यांचा बाथ लोडशेडिंगमध्ये मान टाकायचा. रेडवूड स्पिरिटच्या दिव्यावरही चालतो. पोट्टे त्याला म्युझियम म्हणतात. म्हणोत.

मग एका सप्लायरचं सॅम्पल आलं. एमव्ही टू, म्हणजे मध्यम जाडीच्या ग्रेडचं, म्हणून दिलेलं फर्नेस ऑइल, व्हिस्कॉसिटी १६७ सेंटिस्टोक. ग्रेडची हद्द १२५ ते १८०, म्हणजे अगदी नीटनेटकी. फ्लॅश, म्हणजे ज्या तापमानाला तेलाची वाफ ज्योत दाखवताच पेट घेते तो आकडा, मात्र ४८ डिग्री. पाहिजे किमान ६६! दोनदा काढला, पेन्स्की-मार्टेनचा, म्हणजे फ्लॅश काढायच्या यंत्राचा, कप धुऊन तिसऱ्यांदा काढला. जाड तेलात काहीतरी हलकं ओतून आकडा बसवला होता. मी फेल लिहिलं.

सप्लायर म्हणाला, "काहून भाऊ, एका आकड्यापायी धंदा बुडवता का?"

बुडाला तो माझाच. तालुक्याला नवी लॅब निघाली होती. एसी, काचेचं दार, रेट आमच्या निम्मा. अकरा महिने मोठी गिऱ्हाइकं तिकडेच. मोटरसायकल विकली. सॅम्पल आणायला एसटीने जायचो, तर कंडक्टर तेलाची कॅन पाहून खाली उतरवायचा. एकदा एकाने त्याच लॅबचा पास रिपोर्ट आणि त्याच नंबरची कॅन माझ्यापुढे ठेवली. कॅनचं सील शाबूत होतं.

त्या दिवसांत दर सोमवारी एकच कॅन यायची, डांबर प्लँटवाल्या भाऊंची. पैसे रोख. "तुमी फेल म्हणता तवाच माह्या बर्नर नीट चालते," म्हणायचे. त्यांनी कधी रेट विचारला नाही, म्हणून मीही वाढवला नाही.

पुढे एका तेल गिरणीत बर्नरआधी तेल गरम करणारा प्रीहीटर तापला की ज्योत धडधडायची, विझायची. एकदा भडका मागे आला आणि फायरमनच्या भुवया गेल्या. कॅन आमच्याकडे आली. फ्लॅश ४६. शेठजी म्हणाले, तुम्ही आधीच सांगायला पाहिजे होतं. आधीचं सॅम्पल पाठवलं कुठे होतं, हे मी विचारलं नाही. चहा पाजला.

आता कोणी विचारलं नाही तरी सांगतो. सॅम्पल रॉकेलच्या जुन्या कॅनमध्ये आणू नका, फ्लॅश तिथेच मेला. टँकरच्या वर, मधे, तळाशी असं तीन जागी घ्या. कॅन काठोकाठ भरू नका. आणि एक सीलबंद कॅन ड्रायव्हरची सही घेऊन स्वतःकडे ठेवा. वाद झाला की तीच कामी येते, माझ्या रिपोर्टाहून जास्त.

गिरणी परत आली, अजून दोघं आले. ती एसीवाली लॅबही चालूच आहे, पाटी आता दुप्पट मोठी. भाऊंची कॅन अजून सोमवारीच येते, हल्ली त्यांचा मुलगा आणतो. मागच्या सोमवारी पाणी सव्वा टक्का निघालं, हद्द एक टक्क्याची. पोरगा हिरमुसला. रिपोर्टवर फेल लिहून त्याच्या हाती दिला.