तुम्ही विचारलंत म्हणून : घरी एस्प्रेसो मशीन घ्यावे का?

आमच्या पुण्यातल्या घरी पहिल्यांदा आलेले पाहुणे कॉफी संपवता संपवता ओट्यावरच्या स्वयंचलित एस्प्रेसो मशीनकडे पाहतात आणि विचारतात, "आम्हीही घ्यावे का? पैसे वसूल होतात का?" चार वर्षे हेच उत्तर तुकड्यातुकड्यांनी देत आलो आहे, तेव्हा आज ते सविस्तर लिहितो. जरूर घ्यावे, पण रोज पाच-सात मिनिटे धुण्यापुसण्याची तयारी असेल तरच, कारण कॉफी करण्याचे काम हे मशीन अंगावर घेत असले तरी स्वच्छता आपल्याच वाट्याला येते.

बटण दाबले की वरच्या डब्यातल्या भाजलेल्या बिया दळल्या जातात, ती पूड आतल्या कप्प्यात दाबली जाते, नव्वद अंशांच्या आसपास तापलेले पाणी तिच्यातून जोराने ढकलले जाते आणि साधारण अर्ध्या मिनिटात कॉफी पेल्यात उतरते. उरलेला चोथा छोट्या वडीसारखा होऊन डब्यात पडतो. खोक्यावर ठळक छापलेले 15 किंवा 19 बार (बार हे दाबाचे माप) ही पंपाची कमाल क्षमता असते. एस्प्रेसोला 9 बारच्या आसपासचा दाब पुरतो, त्यामुळे त्या आकड्यासाठी जास्त पैसे मोजू नयेत. कॉफीवर येणारी सोनेरी-तपकिरी साय, म्हणजे क्रेमा, ही या दाबाची देणगी आहे. जुनी इटालियन यंत्रे वाफेच्या तुटपुंज्या दाबावर चालत. दुसऱ्या महायुद्धानंतर मिलानच्या आकिले गाज्जिया यांचे तरफेने दट्ट्या ओढण्याचे यंत्र आले, तेव्हा कुठे ही साय पेल्यात दिसू लागली.

आता पैशांचे बोलू. आमचे मशीन 58,000 रुपयांना पडले. चिकमगळूरच्या बियांचे पाव किलोचे पाकीट आम्हाला साडेपाचशेला मिळते आणि एका कपाला सुमारे 11 ग्रॅम लागतात, म्हणजे बियांचा खर्च कपामागे सुमारे चोवीस रुपये होतो. घरात रोज चार कप होतात, तेव्हा महिन्याला सव्वा किलोहून अधिक बिया आणि जवळजवळ तीन हजार रुपये जातात. कॅफेतल्या दराशी तुलना केली तर हे स्वस्त दिसते, पण ती तुलना मला पटत नाही. आम्ही रोज चार वेळा कॅफेत कधीच जात नव्हतो. पूर्वी घरी बरणीतली झटपट कॉफी होत असे आणि तिच्यापेक्षा हा खर्च कितीतरी जास्त आहे. पैसे वाचतात म्हणून मशीन घेऊ नका. ताज्या दळलेल्या कॉफीची चव रोज सकाळी हवीशी वाटत असेल, तर घ्या.

बिया मध्यम भाजलेल्या आणि पाकिटावर भाजल्याची तारीख असलेल्या निवडाव्यात. काळ्याकुट्ट, तेलाने चमकणाऱ्या बिया ग्राइंडरमध्ये चिकटून बसतात. चिकोरी मिसळलेली फिल्टर कॉफीची पूड पुडीसाठीच्या वेगळ्या कप्प्यातही घालू नये.

अमेरिकेतून येणाऱ्या भावाबहिणींकडून मशीन मागवावे का, असेही पुष्कळजण विचारतात. मागवू नये. तिकडचे मशीन 120 व्होल्ट आणि 60 हर्ट्‌झसाठी बनवलेले असते. ट्रान्सफॉर्मर लावून व्होल्टेज उतरवता येते, पण आपल्याकडची 50 हर्ट्‌झची वारंवारता त्याने बदलत नाही आणि या मशीनमधला छोटा पंप बहुधा त्या वारंवारतेवरच चालतो. दुरुस्तीची वेळ आली तर भाग कोठून आणायचे, हा प्रश्न वेगळाच.

पाण्याकडे मात्र मनापासून लक्ष द्यावे. "कोणतेही पाणी चालते," असे आम्हाला विक्रेत्याने सांगितले होते आणि आम्ही ते खरे मानले. उन्हाळ्यात सोसायटीत टँकर सुरू झाले आणि दीड महिन्यातच कॉफीची धार बारीक होऊन थेंबथेंब पडू लागली. क्षार काढायचे द्रावण दोनदा फिरवल्यावर ती पूर्ववत झाली. तेव्हापासून पाण्याचा जडपणा मोजायची पट्टी वापरतो आणि आरओचे व नळाचे पाणी मिसळून घालतो, कारण नुसत्या आरओच्या पाण्याची कॉफी मला सपक लागते.

दुधाची अडचण आपल्या घरांतच येते. आपण दूध तापवतो, साय धरू देतो आणि मग ते फ्रिजमध्ये ठेवतो. त्या सायीचा एवढासा तुकडा मशीनच्या दूध ओढून फेस करणाऱ्या नळीत अडकला तरी फेस बंद होतो. पिशवीतले पाश्चराइज्ड दूध न तापवता गारच वापरले तर फेस उत्तम येतो, आणि तापवलेले असेल तर बारीक गाळणीने गाळून घ्यावे. कॉफी झाली की नळी लगेच धुवावी. दुपारपर्यंत ठेवली तर आत आंबट वास धरते.

सगळ्यात मोठा धडा गणपतीत मिळाला. आम्ही सात दिवसांसाठी कोकणात गावी गेलो आणि निघण्याच्या घाईत चोथ्याचा डबा रिकामा करायचा राहिला. परत आल्यावर डबा ओढला तर वड्यांवर पांढरी-हिरवी बुरशी कापसासारखी फुगली होती आणि ती आतल्या ब्रू युनिटच्या, म्हणजे पूड दाबून कॉफी काढणाऱ्या भागाच्या, जाळीपर्यंत पोहोचली होती. सुदैवाने आमचे ब्रू युनिट बाहेर निघते. ते कोमट पाण्याखाली धरून मऊ ब्रशने जाळी घासली, रात्रभर वाळवले आणि सरकणाऱ्या भागांना खाद्यपदार्थांसाठी चालणारे सिलिकॉन ग्रीस लावले. आता दर रविवारी ते धुतो, डबा रोज रात्री रिकामा करतो आणि चोथा खताच्या कुंडीत जातो.

दिवसाला एकच कप पिणारे घर असेल, तर माझ्या मते मोका पॉट (गॅसवर ठेवून कॉफी करायचे छोटे भांडे) आणि हाताने फिरवायचा चांगला ग्राइंडर पुरे. मशीनच घ्यायचे ठरले, तर आधी ओट्यापासून वरच्या कपाटापर्यंतची उंची मोजा, कारण बिया वरून भराव्या लागतात. मग दुकानात जाऊन बाजूचे दार उघडा आणि ब्रू युनिट स्वतःच्या हाताने बाहेर काढून परत बसवून पाहा. ते निघत नसेल, तर दुसरे मशीन दाखवायला सांगा.