डॅशबोर्डवरची सासू

पहाटे साडेतीनला मुलुंडहून विमानतळाकडे निघालो, ताईला आणायला. टॅक्सीत पुढेच बसलो. डॅशबोर्डवर डबीएवढा कॅमेरा, त्यात बारीक लाल ठिपके. भांडुप ओलांडतोय तोच तो केकाटला. चालकदादा दचकले, मग ओशाळून म्हणाले, "सासू आहे आमची. डोळा लागला की ओरडते."

मग काय, झोप उडाली माझीच. ते लाल ठिपके म्हणजे इन्फ्रारेड दिवे, त्यामुळे अंधारातही कॅमेऱ्याला पापण्या दिसतात. साधी उघडझाप तो सोडून देतो. पापण्या जवळजवळ मिटलेल्या किती वेळ राहिल्या, हे तो मोजत बसतो. युरोपात जुलै 2024 पासून प्रत्येक नव्या गाडीत झोपेचा इशारा देणारी यंत्रणा सक्तीची आहे, तिथे काही गाड्या नुसत्या स्टिअरिंगच्या हालचालींवरूनही ओळखतात. ताशी 60 च्या वेगाने दोन सेकंद डोळे मिटले तर गाडी 33 मीटर आंधळी धावते. हा हिशोब मी मनातच केला, दादांना सांगितला नाही.

"किती तास झाले?" विचारलं.

"काल दुपारी दोनपासून."

सासूला हे कुठे कळतं? तिला फक्त पापण्या दिसतात.

पवईला मीच म्हटलं, थांबा, चहा घेऊ. दोन कटिंग गाडीतच आणले. दादांनी डोळे मिटून शांतपणे पहिला घोट घेतला आणि सासू पुन्हा केकाटली. दोघंही इतके हसलो की चहा सांडला. विमान उशिरा होतं, म्हणून पंधरा मिनिटं त्यांना तिथेच सीट मागे करून झोपू दिलं. ताई अजून चिडलेली आहे.