परभणीतून व्हायोलिनची बी ग्रेड: माझा अनुभव

मराठवाड्यात शास्त्रीय व्हायोलिन शिकायचं तर पहिली अडचण गुरूची. तबला, पखवाज, हार्मोनियमचे वर्ग परभणी-नांदेडला सहज सापडतात. गाण्याला तर आपल्याकडे मोठी माणसं लाभली. नांदेडच्या अण्णासाहेब गुंजकरांनी शिष्य घडवले, आणि त्यांचे शिष्य पं. नाथराव नेरळकर यांनी ते गाणं पुढे किती घरांत नेलं! व्हायोलिनचा पूर्णवेळ शिक्षक मात्र मला परभणीत मिळाला नाही. म्हणून मी गवयाकडे शिकले. आकाशवाणी कलाकारांना दर्जाप्रमाणे ग्रेड देते; त्यातली बी ग्रेड मला मिळाली ती त्याच शिक्षणाच्या जोरावर, असं मी आज ठामपणे म्हणते.

माझे गुरुजी गायक. त्यांनी व्हायोलिन कधी हातात धरलं नव्हतं. पहिल्याच दिवशी ते म्हणाले, "गज कसा धरायचा ते मला येत नाही बाई. पण तू चूक वाजवलंस तर मला लगेच कळेल." मग शिकवणी सुरू झाली ती अशी: आधी बंदिश तोंडपाठ करायची, शब्दांसकट गायची, आणि गाऊन झाल्यावरच वाद्य घ्यायचं. गज म्हणजे तारांवर फिरवायची केसांची काठी; तिला तर लांबी असते, टोक आलं की गज पालटावा लागतो. गुरुजींचा दंडक होता की शब्दाच्या मध्ये गज पालटायचा नाही. गवई जिथे श्वास घेईल तिथेच पालटायचा. विलंबित, म्हणजे संथ लयीच्या, एकतालात एका दमात जेवढं गायलं जातं तेवढं एका गजात बसवायचं म्हणजे गजाचा वेग आणि दाब फार जपून वापरावा लागतो. मला यालाच सगळ्यात जास्त वेळ लागला.

ही काही आमची नवी युक्ती नव्हे. गजाननबुवा जोशी गवईही होते आणि व्हायोलिनवादकही. व्हायोलिनवादक एन. राजम यांनी गवई ओंकारनाथ ठाकुरांकडे तालीम घेतली आणि व्हायोलिनवर गायकी अंग, म्हणजे गाण्यासारखं वाजवणं, उभं केलं. वाईला १९२२ साली जन्मलेल्या व्हायोलिनवादक व्ही. जी. जोगांनी गवयांकडेही तालीम घेतली आणि सरोदवादक अल्लाउद्दीन खाँसाहेबांकडेही. गजाननबुवा आणि जोग, दोघांनीही आकाशवाणीत नोकरी केली. १९४० ते १९७१ या काळात आकाशवाणीवर हार्मोनियमला बंदी होती, तेव्हा गाण्याच्या संगतीला सारंगी आणि व्हायोलिन असायचं. त्यामुळे आकाशवाणीची ग्रेड ही व्हायोलिनवाल्यांसाठी माझ्या मनात नुसती प्रमाणपत्राची गोष्ट कधीच नव्हती.

गजाचं तंत्र शिकायला मात्र मी पुण्याला जायचे. शनिवारी शाळा सुटली की रात्रीची पनवेल गाडी, सकाळी पुणे, दुपारपर्यंत शिकणं आणि परत. तिथल्या बाईंनी माझी बैठक आधी बदलली. मांडी घालून बसायचं, वाद्याचं टोक उजव्या पावलाच्या घोट्यावर टेकवायचं, दुसरी बाजू छातीला. वाद्याचा भार असा वाटला गेला की डावा हात मोकळा होतो आणि मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, घेताना अडत नाही. हनुवटीखाली धरायच्या पाश्चात्त्य पद्धतीत लांब मींड मला जमतच नव्हती. तारा काळी एकच्या (हार्मोनियमच्या पहिल्या काळ्या पट्टीच्या) षड्जाला प-सा-प-सा अशा लावायच्या हेही तिथेच पक्कं झालं.

वाद्य जपणं हा आपल्याकडे वेगळाच विषय आहे, पुण्या-मुंबईच्या लोकांना याची कल्पना येत नाही. मे महिन्यात परभणीचा पारा ४४ च्या पुढे जातो. लाकूड आक्रसतं, खुंट्या सुटतात, लावलेली तार दहा मिनिटांत उतरते. खुंटीला थोडा खडू घासला की ती धरते. पावसाळ्यात उलटं होतं, खुंट्या फुगून अडकतात आणि गजाचे केस ढिले पडतात. वाजवून झालं की गज सैल करून ठेवायचा, व्हायोलिनची पेटी उन्हातल्या गाडीत कधीही सोडायची नाही. गजाचे केस बदलून द्यायला मला गावात कुणी मिळालं नाही, म्हणून मी दुसरा गज कायम तयार ठेवते.

गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा देत देत विशारद झाले, मग आकाशवाणीच्या ऑडिशनचा अर्ज भरला. त्यात आपल्याला येणाऱ्या रागांची यादी द्यायची असते. ही यादी फार विचार करून लिहावी. लांबलचक यादीने कुणी प्रभावित होत नाही, आणि लिहिलेला कुठलाही राग विचारला जाऊ शकतो. मी फक्त तेच राग लिहिले जे गुरुजींसमोर विलंबितापासून द्रुतापर्यंत, म्हणजे जलद लयीपर्यंत, बसले होते. तोडी आणि मुलतानी दोन्ही लिहिले म्हणून ओळखीच्या काहींनी धोका सांगितला. दोन्हींचे स्वर तेच: रिषभ, गंधार, धैवत कोमल आणि मध्यम तीव्र. पण चाल वेगळी. मुलतानीत आरोहात रिषभ-धैवत घ्यायचे नाहीत, आणि गंधार तीव्र मध्यमावरून ओढून आणायचा. व्हायोलिनला सतारीसारखे स्वरांचे पडदे नाहीत, बोट केसभर सरकलं की राग पडतो. त्या एका गंधारासाठी मी कितीतरी दुपारी तानपुरा लावून बसले आहे. गुरुजी डोळे मिटून ऐकायचे आणि मान हलली नाही की पुन्हा सुरुवात.

स्थानिक फेरीत समितीने मुलतानीच मागितला. स्टुडिओत आवाज घुमत नाही. घरी छान वाटणारा स्वर तिथे कोरडा ऐकू येतो आणि गजाची प्रत्येक खरखर माइक पकडतो. याची सवय आधीच करून घ्यावी. आम्ही भिंतींना गोधड्या टांगून त्या खोलीत रियाज केला होता, त्याचा खरोखर उपयोग झाला. तबल्याला तिथलेच कलाकार होते, त्यांच्याशी लय आधी बोलून घेतली. वेळ मोजकी असते, म्हणून आलाप मी अगदी थोडा ठेवला, बंदिशीचा मुखडा, म्हणजे सुरुवातीची ओळ, स्वच्छ मांडला आणि बढत, म्हणजे रागाचा विस्तार, मध्य सप्तकातच जास्त केली. तानांचा मोह आवरला.

स्थानिक फेरी पार झाल्यावर ध्वनिमुद्रण दिल्लीला आकाशवाणीच्या ऑडिशन मंडळाकडे जातं. ऐकणाऱ्यांना वाजवणाऱ्याचं नाव सांगत नाहीत, हे मला फार मोलाचं वाटतं. परभणीची शिक्षिका वाजवते आहे की घराणेदार वादकाची मुलगी, हे तिथे कळत नाही; सूर तेवढा कळतो. निकालाला वेळ लागतो. मधल्या काळात मी चौकशीच्या फोनांपेक्षा रियाजात राहिले, आणि तेच बरं झालं.

पत्र आलं तेव्हा गुरुजींना फोन केला. ते म्हणाले, "छान. संध्याकाळी ये, पूरिया धनाश्री सुरू करू."

बी ग्रेडमुळे पोट भरत नाही, हे नव्या मुलांना मी स्पष्ट सांगते. माझी शाळेची नोकरी चालूच आहे. पण केंद्रावर वादनाची संधी मिळते, आणि आसपासच्या गवयांना संगतीला मी हवी असते. गाणाऱ्याच्या मागे अर्धी मात्रा राहून त्याची ओळ उचलायची, हे शब्दांसकट शिकल्यामुळे मला सोपं जातं. रविवारी सकाळी चार मुलं घरी येतात. त्यांनाही आधी गायलाच लावते. आईवडील विचारतात व्हायोलिन कधी देणार, तर मी म्हणते, भूप राग नीट गाऊ दे आधी. सध्या बी-हाय या वरच्या ग्रेडसाठी रागांची यादी वाढवते आहे. मारवा बसतो आहे, दरबारीचा गंधार अजून गुरुजींना पटलेला नाही.